जुन्या मदरबोर्डचा पॉवर कनेक्टर नेहमीचा नसेल तेव्हा: मोजणी, अडॅप्टर आणि बिघाडाचा शोध

जुन्या ब्रँडेड संगणकाचा पॉवर सप्लाय गेला की हाताशी असलेला दुसरा लावून बघावासा वाटतो. कनेक्टर बसला, लॅच लागली, म्हणजे जुळला असं वाटतं. असे बरेच चांगले मदरबोर्ड नेमके याच क्षणी मेले आहेत. प्लास्टिकचा आकार फक्त कनेक्टर बसेल का एवढंच सांगतो. कोणत्या पिनला कोणता व्होल्टेज हवा हे बोर्डाच्या तांब्यात लिहिलेलं असतं, आणि ते साध्या मल्टिमीटरने वीज न लावता वाचता येतं. म्हणून इथला क्रम आधी मोजणी, मग अडॅप्टर, मग वीज असा आहे. तो उलटा करू नका.

लागणारं सामान फारसं नाही. कंटिन्युइटी (दोन टोकं जोडलेली असली की बीप वाजवणारा) आणि डायोड मोड असलेला मल्टिमीटर, त्याला बारीक टोकाचे प्रोब, ४७० ओहम अर्ध्या वॉटचा एक रेझिस्टर, ५ ओहम २५ वॉटचा एक रेझिस्टर, गाडीचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब, आणि अडॅप्टर करायचा असेल तर १८ गेजच्या वायरी, क्रिम्पचे टर्मिनल व हीट श्रिंक ट्यूब. करंट मर्यादा लावता येणारा बेंच सप्लाय असेल तर काम फार सुरक्षित होतं. पॉवर सप्लायचं झाकण मात्र या कामात कुठेही उघडायचं नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

सगळ्यात फसवा कनेक्टर

वेगळ्या आकाराचा कनेक्टर त्रास देतो, पण धोका देत नाही, कारण तो बसतच नाही. खरा धोका हुबेहूब नेहमीसारख्या दिसणाऱ्या कनेक्टरचा. डेलने १९९८ च्या उत्तरार्धापासून पुढची काही वर्षं आपल्या अनेक डेस्कटॉपांत एटीएक्सचा, म्हणजे डेस्कटॉपांच्या नेहमीच्या मानकाचा, तोच २० पिनांचा कनेक्टर वापरला, पण पिनांची मांडणी पूर्ण बदलली. ३.३ व्होल्ट मुख्य कनेक्टरमधून काढून वेगळ्या ६ पिनांच्या सरळ कनेक्टरवर नेले.

नेहमीच्या २० पिनांच्या एटीएक्सची मांडणी अशी असते. १ आणि २ वर ३.३ व्होल्ट, ३ ग्राउंड, ४ वर ५ व्होल्ट, ५ ग्राउंड, ६ वर ५ व्होल्ट, ७ ग्राउंड, ८ पॉवर गुड (व्होल्टेज स्थिर झाल्याची खूण), ९ वर ५ व्होल्ट स्टँडबाय (यंत्र बंद असतानाही मिळणारा), १० वर १२ व्होल्ट. दुसऱ्या रांगेत ११ वर ३.३ व्होल्ट, १२ वर उणे १२, १३ ग्राउंड, १४ पीएस-ऑन (सप्लायला चालू करणारी पिन), १५ ते १७ ग्राउंड, १८ वर उणे ५, १९ आणि २० वर ५ व्होल्ट.

डेलची त्या काळातली मांडणी: १ वर ५ व्होल्ट, २ ग्राउंड, ३ वर ५ व्होल्ट, ४ ग्राउंड, ५ पॉवर गुड, ६ स्टँडबाय, ७ वर १२ व्होल्ट, ८ वर उणे १२, ९ आणि १० ग्राउंड. दुसऱ्या रांगेत ११ पीएस-ऑन, १२ ते १४ ग्राउंड, १५ वर उणे ५, १६ ते १८ वर ५ व्होल्ट, १९ रिकामी, २० वर ५ व्होल्ट. सोबतच्या ६ पिनांच्या कनेक्टरवर पहिल्या तीन ग्राउंड आणि पुढच्या तीन ३.३ व्होल्ट.

आता नेहमीचा सप्लाय या बोर्डात खुपसला तर काय होतं ते पिनेनुसार बघा. सप्लायची पीएस-ऑन ही १४ नंबरची वायर बोर्डाच्या ग्राउंडवर पडते, म्हणजे बटण न दाबताच सप्लायला चालू व्हायचा हुकूम मिळतो. त्याच वेळी ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, स्टँडबाय आणि १२ व्होल्ट या सगळ्यांची एकेक वायर थेट बोर्डाच्या ग्राउंडवर शॉर्ट होते. संरक्षण चांगलं असेल तर सप्लाय उठतच नाही, आणि माणूस बोर्ड मेला असं समजून बसतो. संरक्षण कच्चं असेल तर वायरी, पिना किंवा बोर्डाचे पट्टे तापून जळतात. उलट केलं, म्हणजे डेलचा सप्लाय नेहमीच्या बोर्डात लावला, तरी पहिल्याच पिनेवरचे ५ व्होल्ट ३.३ च्या रेलवर, म्हणजे त्या व्होल्टेजच्या पुरवठ्याच्या मार्गावर, पडतात.

रंगांवर विसंबणाऱ्यांसाठी इथे दुसरा सापळा आहे. नेहमीच्या सप्लायमध्ये नारिंगी वायर ३.३ व्होल्टची आणि राखाडी पॉवर गुडची. डेलच्या या सप्लायमध्ये नारिंगी पॉवर गुडची, राखाडी पीएस-ऑनची, आणि ३.३ च्या वायरी निळ्या-पांढऱ्या पट्ट्याच्या.

६ पिनांचा जादा कनेक्टर दिसला म्हणजे बोर्ड वेगळाच असणार, असंही लगेच ठरवू नका. नेहमीच्या एटीएक्समध्येही काही काळ तसा कनेक्टर होता. त्यात तीन ग्राउंड, दोन ३.३ व्होल्ट आणि शेवटची एक पिन ५ व्होल्टची. निकाल लावायला एकच मोजणी पुरते. बोर्ड मोकळा ठेवा, मल्टिमीटरचा एक प्रोब स्क्रूच्या भोकाभोवतीच्या तांब्यावर धरा आणि पहिल्या रांगेच्या पिना तपासा. ३, ५, ७ वर बीप वाजली तर मांडणी नेहमीची. २, ४, ९, १० वर वाजली तर डेलची. तिसराच काही नमुना निघाला तर पुढची पायरी अपरिहार्य आहे. पिन १ कुठली हे ठरवताना लॅचवर विसंबू नका. नेहमीच्या सप्लायचा प्लग न बसवता वर आडवा धरून बघा. हिरवी वायर जिथे येते ती १४, आणि तिच्या समोरची ४.

अनोळखी बोर्डाचा नकाशा स्वतः काढणं

कुठलाही कनेक्टर असो, त्याची प्रत्येक पिन शेवटी बोर्डावरच्या एखाद्या ओळखीच्या जागी पोचते. त्या जागांची मांडणी कोणत्याही कंपनीला बदलता आलेली नाही, कारण तिथे इतरांनी बनवलेली कार्डं आणि चिप बसायच्या होत्या. बोर्डावर आयसा स्लॉट (जुन्या कार्डांचा लांब स्लॉट) असेल तर निम्मं काम झालं. बोर्डाची मागची बाजू, म्हणजे कार्डांच्या ब्रॅकेटची बाजू, वर धरली की डावीकडची रांग बी, उजवीकडची ए, आणि मोजणी ब्रॅकेटकडून. बी१ ग्राउंड, बी३ वर ५ व्होल्ट, बी५ वर उणे ५, बी७ वर उणे १२, बी९ वर १२ व्होल्ट, बी१० ग्राउंड. बाजू चुकली नाही ना हे बघायला बी१, बी१० आणि बी३१ तिन्ही स्क्रूच्या भोकाशी जोडलेल्या आहेत का ते तपासा.

पीसीआय स्लॉटमध्ये (आयसानंतरचा, आखूड) बी१ वर उणे १२, ए२ वर १२ व्होल्ट, ए५, बी५ आणि बी६ वर ५ व्होल्ट. ३.३ व्होल्ट ए२१ आणि बी२५ वर असायला हवेत, पण काही जुन्या बोर्डांवर स्लॉटच्या ३.३ च्या पिना मुख्य रेलला जोडलेल्याच नसतात. म्हणून ३.३ साठी मेमरीचा स्लॉट जास्त भरवशाचा. १६८ पिनांच्या एसडीरॅमच्या स्लॉटमध्ये पिन १ ग्राउंड आणि पिन ६ वर ३.३ व्होल्ट. ७२ पिनांच्या सिममध्ये (आणखी जुन्या मेमरीच्या पट्टीत) पिन १ ग्राउंड आणि पिन १० वर पुरवठा.

स्लॉट नसलेल्या किंवा रायझर कार्ड (ज्यात बाकी कार्डं आडवी बसतात) असलेल्या चपट्या बोर्डांवर सिरियल पोर्टजवळची चिप शोधा. ७५२३२ असा आकडा असलेल्या २० पायांच्या चिपमध्ये पाय १ वर १२ व्होल्ट, १० वर उणे १२, ११ ग्राउंड, २० वर ५ व्होल्ट असतात. एकाच चिपवर तीन रेल सापडतात. आणखी जुन्या बोर्डांवर १४८८ असते. तिचा पाय १ उणे १२, ७ ग्राउंड, १४ वर १२ व्होल्ट. पीएस/२ कीबोर्डच्या सॉकेटची पिन ४ आणि मोठ्या पाच पिनांच्या गोल सॉकेटची पिन ५ साधारणपणे फ्यूजमधून ५ व्होल्टवर जाते. इथे बीप वाजली नाही तर लगेच रेल चुकली म्हणू नका, आधी तो फ्यूज तपासा. जुन्या बोर्डांत तो उडालेला असणं अगदी नेहमीचं.

कागदावर कनेक्टरचं चित्र काढा आणि प्रत्येक पिनेपुढे सापडलेली रेल लिहा. शेवटी तीन-चार पिना उरतात, ज्या कुठल्याच मोठ्या रेलला जात नाहीत. त्यांत स्टँडबाय, पीएस-ऑन आणि पॉवर गुड असतात. स्टँडबायची पिन बहुधा जाड पट्ट्याने जवळच्या कपॅसिटरकडे आणि एखाद्या तीन पायांच्या रेग्युलेटरकडे जाते. उरलेल्या दोन्हींचे पट्टे बारीक असतात. पीएस-ऑन एखाद्या छोट्या ट्रान्झिस्टरकडे किंवा सुपर आय/ओ चिपकडे (कीबोर्ड, पोर्ट सांभाळणारी चिप), आणि पॉवर गुड रेझिस्टरमधून लॉजिक चिपकडे. सुरुवातीच्या पीसी-एक्सटी घराण्यात पॉवर गुड ८२८४ या क्लॉक चिपच्या रीसेटच्या पायाशी जातो.

नकाशा झाला की लगेच प्रत्येक रेल ते ग्राउंड रोध मोजून लिहून ठेवा. प्रोसेसर आणि मेमरी काढून मोजा, कारण प्रोसेसर बसलेला असताना त्याच्या रेलवर काही ओहम दिसणं पूर्ण स्वाभाविक आहे. कपॅसिटर भरत असल्याने आकडा आधी कमी दिसतो आणि चढतो. तो स्थिर होईपर्यंत थांबा. ५ किंवा १२ व्होल्टच्या रेलवर १ ओहमपेक्षा कमी राहिला तर तिथे शॉर्ट आहे आणि वीज लावण्याचा प्रश्नच येत नाही.

मूळ सप्लाय जिवंत असेल तर त्याचीही परीक्षा

मूळ सप्लाय हाती असेल तर तो बोर्डापासून सुटा करून तपासा. प्लग लावल्यावर, चालू न करता, प्रत्येक पिन ग्राउंडच्या संदर्भात मोजा. दोन पिनांवर ५ व्होल्टच्या आसपास दिसू शकतं. एक स्टँडबाय, दुसरी पीएस-ऑन. त्यांच्यातला फरक ४७० ओहमचा रेझिस्टर सांगतो. तो पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये धरा. स्टँडबायचा व्होल्टेज जागचा हलणार नाही, कारण त्याच्यासाठी १०-११ मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही. पीएस-ऑनचा व्होल्टेज मात्र खाली कोसळेल आणि पंखा फिरू लागेल. थेट वायरने शॉर्ट करून बघण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी चांगली. अंदाज चुकला तरी काही जळत नाही.

दोन्ही पिनांवर काहीच दिसत नसेल तर दोन शक्यता. स्टँडबायचं सर्किट मेलं आहे, किंवा सप्लाय एटी काळातला, म्हणजे एटीएक्सच्या आधीचा आहे, ज्याला स्टँडबाय नसतोच आणि जाड स्विचनेच तो चालू होतो. जुन्या मॅकिंटॉशांपैकी काहींमध्ये चालू करण्याची खूण उलटी असते. पिन ग्राउंडला नेऊन नव्हे, तर ५ व्होल्टला नेऊन सप्लाय उठतो. अशा यंत्राला नेहमीचा एटीएक्स सप्लाय लावायचा तर मध्ये एक एनपीएन ट्रान्झिस्टर लागतो. बोर्डाकडून येणारी खूण १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून बेसला, कलेक्टर हिरव्या वायरला, एमिटर ग्राउंडला.

भार नसताना घेतलेलं माप फसवतं. जुने सप्लाय बरेचदा ५ व्होल्टवर थोडा भार असल्याशिवाय उठतच नाहीत, किंवा उठले तरी व्होल्टेज भलतेच दाखवतात. ५ ओहमचा रेझिस्टर ५ व्होल्टवर लावला की १ अँपिअर जातो आणि ५ वॉट उष्णता होते. म्हणून २५ वॉटचा घ्यायचा, तोही टेबलाला न टेकवता. १२ व्होल्टवर गाडीचा बल्ब लावा, तो पावणेदोन अँपिअर घेतो. या भारावर धन रेल पाच टक्क्यांच्या आत हव्यात, म्हणजे ५ ची रेल ४.७५ ते ५.२५ आणि १२ ची ११.४ ते १२.६. उणे १२ ला दहा टक्के चालतात. पॉवर गुड चालू झाल्यावर लगेच नव्हे, तर १०० ते ५०० मिलिसेकंदांनी ५ व्होल्टकडे जायला हवा.

अडॅप्टर

सप्लायच्या वायरी कापू नका. एक्सटेन्शन केबल कापा. चूक झाली तर केबल जाते, सप्लाय वाचतो, आणि मूळ सप्लाय दुरुस्त झाला तर यंत्र पूर्ववत करता येतं.

वर दिलेल्या डेल मांडणीसाठी, नेहमीच्या २० पिनांच्या सप्लायकडून बोर्डाकडे जोडणी अशी होते:

हिरवी १४ → ११
राखाडी ८ → ५
जांभळी ९ → ६
पिवळी १० → ७
निळी १२ → ८
पांढरी १८ → १५, सप्लायमध्ये असेल तर
लाल ४, ६, १९, २० → १, ३, १६, १७, १८, २०
काळ्या ३, ५, ७, १३, १५, १६, १७ → २, ४, ९, १०, १२, १३, १४
नारिंगी १, २, ११ → ६ पिनांच्या कनेक्टरवर ४, ५, ६

बोर्डाला ५ व्होल्टच्या सहा पिना आहेत आणि सप्लायकडून लाल वायरी चारच येतात. उरलेल्या दोन हार्डडिस्कच्या चार पिनांच्या मोलेक्स प्लगमधून घ्या. ६ पिनांच्या कनेक्टरच्या तीन ग्राउंडसाठीही तिथल्याच काळ्या वायरी वापरा. एकाच लाल वायरीतून तीन पिनांना फाटे काढणं टाळा. १८ गेजची वायर आणि ४.२ मिलिमीटर अंतराच्या या कनेक्टरची एक पिन सहा अँपिअरच्या आसपास ठेवलेली बरी, आणि त्या काळच्या बोर्डांचा सगळा भार ५ व्होल्टवरच असतो.

३.३ व्होल्टच्या एका नारिंगी वायरीबरोबर त्याच पिनेत एक बारीक तपकिरी वायर असते. ती सेन्सची. सप्लाय तिच्यावर बघून ३.३ चा व्होल्टेज ठरवतो. अडॅप्टरमध्ये ती बोर्डाच्या टोकापर्यंत नेऊन तिथेच ३.३ ला जोडली तर वायरीत पडलेला व्होल्टेज सप्लाय आपोआप भरून काढतो.

२४ पिनांचा नवा सप्लाय असेल तर रंग तेच असतात, फक्त नंबर बदलतात. हिरवी १६ वर जाते. उणे ५ ची पांढरी वायर बहुतेक नव्या सप्लायमध्ये नसते.

क्रिम्प नीट साधत असेल तर सोल्डर करू नका. टर्मिनलमध्ये सोल्डर शिरलं की वायर तिथे कडक होते आणि हलताना तुटते. प्रत्येक वायर हलक्या हाताने ओढून बघा. केबल तयार झाली की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सगळ्या पिना बीपने तपासा. जिथे वाजायला हवी तिथे वाजते का हे एकदा, आणि शेजारच्या पिनांत वाजत नाही ना हे दुसऱ्यांदा. ही दुसरी तपासणी बहुतेक जण सोडतात. मग केबलवर चिठ्ठी चिकटवा: कुठल्या बोर्डाची, कुठलं टोक सप्लायकडचं. केबल नेहमीच्या एक्सटेन्शनसारखीच दिसत असल्याने ही चिठ्ठी केबलइतकीच महत्त्वाची आहे.

एटी बोर्डांचे पी८ आणि पी९ हे सहा-सहा पिनांचे प्लग वेगळ्या कारणाने घातक. दोन्ही एकमेकांच्या जागी बसतात. काळ्या वायरी मध्ये एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. अदलाबदल झाली तर बोर्डाच्या ग्राउंडवर ५ व्होल्ट आणि ५ च्या रेलवर ग्राउंड जातं, म्हणजे प्रत्येक चिपला उलटा पुरवठा. योग्य क्रम पी८ कडून असा: पॉवर गुड, ५, १२, उणे १२, ग्राउंड, ग्राउंड, आणि पुढे पी९: ग्राउंड, ग्राउंड, उणे ५, ५, ५, ५. या कनेक्टरचं अंतर ३.९६ मिलिमीटर. ५ व्होल्टच्या पिना तापून तपकिरी झाल्या असतील तर प्लग आणि बोर्डावरचं हेडर दोन्ही बदला. एकच बदललात तर उरलेल्या जुन्या जोडामुळे नवाही काही दिवसांत जळतो.

फक्त १२ व्होल्टवर चालणाऱ्या नंतरच्या ब्रँडेड बोर्डांबद्दल थोडक्यात. त्यांत ५ आणि ३.३ व्होल्ट बोर्डावरच तयार होतात आणि हार्डडिस्कची वीजही बोर्डावरूनच मिळते. त्यांतल्या काहींना स्टँडबाय ५ ऐवजी ११-१२ व्होल्टचा लागतो. म्हणून तयार अडॅप्टर घेताना त्यात व्होल्टेज चढवणारं छोटं सर्किट आहे का ते बघा. नुसत्या वायरींचा अडॅप्टर अशा बोर्डावर चालत नाही. हार्डडिस्कची वीजही बोर्डावरून घ्यायची की सप्लायकडून, यातलं एकच निवडा.

पहिल्यांदा वीज

बोर्ड कॅबिनेटबाहेर, लाकडावर किंवा जाड पुठ्ठ्यावर ठेवा. पहिल्या खेपेला प्रोसेसर, मेमरी, कार्ड काहीच नको. बेंच सप्लाय असेल तर आधी ग्राउंड जोडा, मग ५ व्होल्ट, मर्यादा अर्धा अँपिअर, आणि फक्त स्टँडबायची पिन. थोड्या मिलिअँपिअरवर करंट स्थिरावला तर उत्तम. मर्यादेला टेकला तर कुठली चिप तापते ते बोटाने नव्हे, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर देऊन बघा. जिथे तो सगळ्यात आधी उडतो तिथे शॉर्ट.

मग खरा सप्लाय. स्टँडबाय आला की पीएस-ऑनच्या पिनेवर प्रोब ठेवून बटणाच्या पिना क्षणभर जोडा. ब्रँडेड बोर्डांत समोरच्या पॅनेलचा कनेक्टरही बहुधा स्वतःच्याच मांडणीचा असतो. स्टँडबाय असताना ज्या पिनेवर ३.३ ते ५ व्होल्ट दिसतात आणि जिच्या शेजारी ग्राउंड आहे, अशी जोडी शोधा आणि १०० ओहमच्या रेझिस्टरने जोडून बघा. त्यात एलईडीची जोडी चुकून सापडली तरी नुकसान होत नाही.

इथून पुढे तीन वाटा फुटतात.

पीएस-ऑन खाली येतच नाही. मग दोष स्टँडबायच्या भागात. ५ चे ३.३ करणारा छोटा रेग्युलेटर, सुपर आय/ओ किंवा साउथब्रिज (बोर्डाचं इनपुट-आउटपुट सांभाळणारी मोठी चिप), आणि ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल हे क्रमाने तपासा. नाण्याच्या आकाराची बॅटरी २.५ व्होल्टच्या खाली गेली असेल तर आधी ती बदला. काही बोर्ड मेलेल्या बॅटरीवर उठत नाहीत.

पीएस-ऑन खाली येते, पंखा एक झटका घेतो आणि सगळं बंद. सप्लायने शॉर्ट पकडला आहे. एक्सटी-एटी काळच्या बोर्डांत गुन्हेगार बहुतेक वेळा स्लॉटजवळचा १२ किंवा उणे १२ च्या रेलवरचा टँटलम कपॅसिटर असतो. १६ व्होल्टचा टँटलम १२ च्या रेलवर फार कमी अंतर ठेवून काम करतो आणि मरताना शॉर्ट होतो. त्याच्या जागी तितक्याच मायक्रोफॅरडचा २५ व्होल्टचा लावा. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धानंतरच्या बोर्डांत संशयित म्हणजे प्रोसेसरजवळचे मॉसफेट (त्याची वीज चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर). प्रोसेसर काढून ५ व्होल्टच्या रेलपासून प्रोसेसरच्या कॉइलपर्यंत रोध मोजा. शून्याच्या जवळ असेल तर वरच्या बाजूचा मॉसफेट शॉर्ट आहे. अशा बोर्डात प्रोसेसर घालून बघणं म्हणजे त्याला थेट ५ व्होल्ट देणं. या एकाच कारणासाठी ही मोजणी कधीच चुकवू नये.

पंखा फिरत राहतो, पण प्रोसेसर, मेमरी आणि कार्ड बसवूनही पडद्यावर काही नाही. मग व्होल्टेज बोर्डाच्या टोकाशी मोजा, सप्लायच्या टोकाशी नाही. दोन्हींत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर अडॅप्टरचा एखादा जोड सैल आहे. त्यानंतर रीसेट बघा. आयसाच्या बी२ वर चालू झाल्यावर व्होल्टेज शून्याकडे यायला हवा, आणि पीसीआयच्या ए१५ वर उलट, वर जाऊन स्थिर व्हायला हवा. बी२ वर ५ व्होल्ट तसेच राहिले तर बोर्ड अजून पॉवर गुडची वाट बघतो आहे. अडॅप्टरमध्ये ती वायर पोचली का ते आधी तपासा.

पॉवर गुड नसलेल्या सप्लायवर लोक ती पिन सरळ ५ व्होल्टला जोडतात. कधी चालतं, बरेचदा अर्धवट चालतं. रेल स्थिर होण्याआधीच रीसेट सुटतो आणि बोर्ड पाचातून दोनदा उठतो. हा सुटसुटीत वाटणारा उपाय टाळा. टीएल७७०५ ही छोटी चिप ५ व्होल्टवर नजर ठेवते आणि ठरलेल्या वेळाने खूण देते. तिच्या वेळेच्या पायावर २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की उशीर सुमारे २९० मिलिसेकंद होतो. तिचा सक्रिय-लो (शून्यावर असताना रीसेट देणारा) रीसेटचा पाय ४.७ किलोओहमने ५ व्होल्टला ओढून पॉवर गुडच्या पिनेला द्या.

प्रोसेसरचा व्होल्टेज मोजताना हे लक्षात ठेवा: स्लॉट १ आणि सॉकेट ३७० च्या (पेंटियम २-३ काळच्या) बोर्डांत प्रोसेसर नसेल तर हा पुरवठा बंदच राहतो. तिथे शून्य दिसणं दोष नाही. प्रोसेसर बसवल्यावर त्याच्या जातीनुसार आकडा हवा: क्लामथ पेंटियम २ ला २.८, डेशुट्सला २.०. सॉकेट ७ मध्ये (त्याआधीच्या पेंटियम काळच्या बोर्डांत) हा व्होल्टेज बहुधा जंपरने ठरतो, म्हणून प्रोसेसर घालण्याआधी जंपर बघा. एमएमएक्स पेंटियमला २.८ आणि के६-२ ला साधारण २.२ लागतात, पण आधीच्या पेंटियमसाठी लावलेला जंपर ३.३ देत राहतो.

सगळं बरोबर असूनही अस्थिर

अडॅप्टर अचूक, व्होल्टेज ठीक, तरी भार आला की यंत्र अडकतं, तेव्हा सप्लायच्या लेबलवर ५ व्होल्टचा आकडा वाचा. एकूण वॉट वाचू नका. अॅथलॉन एक्सपीच्या काळातले कितीतरी बोर्ड प्रोसेसरची वीज ५ च्या रेलवरून घेतात, विशेषतः ज्यांच्यावर १२ व्होल्टचा चार पिनांचा कनेक्टर नाही ते. त्यांना २५ ते ३० अँपिअर देणारी ५ ची रेल हवी. नवा ५०० वॉटचा सप्लाय बहुतेक शक्ती १२ व्होल्टवर ठेवतो आणि ५ वर १५-२० अँपिअरच देतो. स्वस्त सप्लायमध्ये ५ आणि १२ एकत्रच नियंत्रित होतात, त्यामुळे ५ वर भार वाढला की ५ खाली येतं आणि १२ वर चढतं. १२ च्या रेलवर १२.६ च्या वर आकडा आणि ५ वर ४.७५ च्या खाली, ही जोडी दिसली की सप्लाय बदला. बोर्डात काही शोधत बसू नका.

उणे ५ व्होल्ट बहुतेक बोर्डांना लागतच नाहीत, ते फक्त आयसाच्या बी५ वर जातात आणि काही जुनी कार्डं ते वापरतात. अपवाद महत्त्वाचा आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीचा १६ ते ६४ केबीचा बोर्ड ४११६ मेमरी चिप वापरतो, आणि तिला ५, १२ आणि उणे ५ तिन्ही लागतात. उणे ५ नसताना बाकीचे दोन दिले तर त्या चिपा खराब होतात. अशा ठिकाणी उणे १२ वरून ७९०५ रेग्युलेटरने उणे ५ तयार करा. प्रवेशाला आणि बाहेर पडताना प्रत्येकी एक छोटा कपॅसिटर, आणि रेग्युलेटरची धातूची पाठ ग्राउंडला लागू द्यायची नाही, कारण ७९ मालिकेत ती ग्राउंड नसून प्रवेशाची बाजू असते.

१९९९ ते २००७ च्या दरम्यानचे बोर्ड असतील तर प्रोसेसरभोवतीचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. डोकं फुगलेलं, तळाशी रबर बाहेर आलेलं, शेजारी तपकिरी डाग. बदलताना मायक्रोफॅरड तितकेच, व्होल्टेज तितकं किंवा थोडं जास्त, तापमान १०५ अंशांचं आणि लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेल्या) जातीचेच घ्या. साधे कपॅसिटर लावले तर बोर्ड उठतो आणि महिन्याभरात पुन्हा तिथेच येतो.

त्याआधीच्या बोर्डांवर पिंपाच्या आकाराची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते, बहुधा कीबोर्डच्या सॉकेटजवळ, म्हणजे पॉवर कनेक्टरच्याही शेजारी. तिच्यातून गळलेला अल्कलाइन द्रव पॉवर गुडसारखे बारीक पट्टे खाऊन टाकतो. बॅटरी कापून काढा, हिरवट भाग पातळ व्हिनेगरने चोळा, पाण्याने धुवा, आयसोप्रोपिलने पुसून पूर्ण वाळवा. मग त्या भागातला प्रत्येक पट्टा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बीपने तपासा. तुटलेला सापडला तर वरचा हिरवा थर खरवडून ३० गेजची बारीक वायर घाला. खालच्या चिपचे पाय आणि थ्रू-होलच्या आतला भागही बघा, कारण गंज तिथेच लपतो आणि वरून पट्टा अखंड दिसतो.